बेसिन गुडगुडते, वास सुटतो, पाणी रेंगाळते: भिंत फोडण्याआधी करायच्या तपासण्या

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यातील गावांमध्ये मी गेली एकोणीस वर्षे नळजोडणीची कामे करत आहे. या काळात ज्या तक्रारीसाठी मला सर्वाधिक वेळा बोलावणे आले, ती तक्रार तीनच शब्दांची असते: "बेसिन तुंबले आहे." जाऊन पाहावे तर पुष्कळदा पाईप चांगला मोकळा असतो आणि अडलेली असते ती हवा. हे लक्षात न आल्यामुळे लोक बेसिनमध्ये ॲसिड ओततात, तार घालतात, शेवटी टाइल्स फोडतात, आणि महिनाभराने तेच गुडगुडणे पुन्हा सुरू होते.

या दोषाचे मूळ आपल्याकडील घरबांधणीच्या क्रमात आहे. न्हाणी आणि संडास यांची जागा पायाभरणीच्या वेळी ठरते. बेसिनची आठवण मात्र टाइल्स लागल्यावर होते. मग ओसरीच्या कोपऱ्यात किंवा न्हाणीच्या दाराशेजारी बेसिन टांगले जाते, भिंतीला भोक पाडून त्याचा लवचीक पाईप फरशीवरच्या जवळच्या जाळीत सोडला जातो आणि काम झाले असे समजले जाते. सांडपाणी खाली नेण्याची सोय त्यात असते, पण त्या पाण्यामागून हवा कोठून येणार याचा विचार नसतो. म्हणून पुढील तपासण्या मी फुकटातल्या कामापासून फोडाफोडीपर्यंत, ज्या क्रमाने स्वतः करतो त्याच क्रमाने देत आहे. क्रम मोडू नये.

लक्षणे

पान्याला हात लावण्याआधी एक-दोन दिवस नुसते पाहावे आणि ऐकावे. बेसिन पहिल्या ओंजळीपासूनच हळू उतरत असेल आणि आवाज काहीच येत नसेल, तर कचरा जवळच, बहुधा बेसिनखालच्या ट्रॅपमध्येच, म्हणजे वास अडवण्यासाठी थोडे पाणी कायम धरून ठेवणाऱ्या भागातच, आहे. बेसिन भरून सोडल्यावर पाणी नीट उतरते, पण शेवटी घशातून यावा तसा "गुड्‌गुड्‌" आवाज येतो आणि तासाभरात वास सुटतो, तर ट्रॅपमधले पाणी ओढले जात आहे. बेसिनला कोणी हातही लावलेला नसताना, न्हाणीत बादली उपडी केली किंवा संडासात पाणी टाकले की बेसिन बोलू लागते, तर दोष बेसिनचा नसून सामाईक पाईपचा किंवा त्याच्या हवेच्या नळीचा आहे. वास फक्त घर चार दिवस बंद राहिल्यानंतर येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आणि सगळा त्रास उन्हाळाभर नसून पावसाची झड लागली की सुरू होत असेल, तर घरात शोधत बसू नये. अंगणातील चेंबर आणि शोषखड्डा पाहावा.

वासातही फरक असतो. सडक्या अंड्यासारखा वास सेप्टिक टाकीकडून येतो. ओल्या फडक्यासारखा, बुरसट वास बेसिनच्या आतल्या चिकट थराचा असतो. हा फरक नाकाने ओळखता आला तर निम्मे काम वाचते.

हवा का लागते

गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल भकभक करत, अडखळत पडते. म्हणून दुकानदार समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडतो आणि मग धार सरळ लागते. बेसिनखालच्या पाईपला लागणारे दुसरे भोक म्हणजे छतावर गेलेली हवेची नळी, जिला आपण व्हेंट म्हणतो.

ती नसली तर काय होते हे ठिबक सिंचन वापरणाऱ्या संत्रा बागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. मोटर बंद होताच उतारावरच्या नळ्यांमधले पाणी खाली धावते, मागे पोकळी तयार होते आणि ड्रिपर माती आत ओढतात. ते टाळण्यासाठीच मुख्य नळीवर एअर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बेसिनमध्ये मातीऐवजी ट्रॅपचे पाणी ओढले जाते. ट्रॅपमध्ये कायम साचून राहणारे सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी हीच टाकीतील वायू आणि आपले घर यांच्यामधली एकमेव भिंत असते. भरलेल्या पाईपमधून खाली पडणाऱ्या पाण्याने ते पाणी सोबत नेले की दार उघडे पडते.

तपासणी एक: तांब्याभर पाणी

बेसिनमध्ये आणि न्हाणीच्या जाळीत प्रत्येकी तांब्याभर पाणी ओतावे आणि तासभर थांबावे. वास गेला तर ट्रॅप कोरडा होता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. लग्नसराईत घर आठ-पंधरा दिवस बंद राहिले तर ट्रॅपमधले थोडेसे पाणी उडून जाणे साहजिक आहे. गावाला जाताना बेसिन आणि जाळी यांत पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाचा थर पाण्यावर राहतो आणि बाष्पीभवन मंदावते.

या तपासणीचे खरे महत्त्व वेगळेच आहे. वास पंधरवड्याने परत आला तर कारण ऊन आहे. त्याच दिवशी परत आला तर पाणी उडत नसून ओढले किंवा गळून जात आहे. पुढचा सगळा तपास या एका उत्तरावर अवलंबून असतो, म्हणून ही तपासणी कितीही क्षुल्लक वाटली तरी टाळू नये.

तपासणी दोन: भोके आणि फटी

बेसिनच्या आत, काठाच्या थोडे खाली, ओव्हरफ्लोचे भोक असते. त्याच्यामागच्या पोकळीत साबण, थुंकी आणि टूथपेस्ट यांचा थर वर्षानुवर्षे साचतो आणि कोणीही ती जागा धूत नाही. बाटली धुण्याचा लांब ब्रश आणि कोमट पाणी एवढ्याने ती साफ होते. उकळते पाणी मात्र ओतू नये, कारण पीव्हीसीचे पाईप आणि जोड उकळत्या पाण्याने मऊ पडून वाकतात.

याच वेळी वेस्ट कपलिंगकडेही, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या जोडाकडेही, नजर टाकावी. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड कपलिंग लागते, कारण त्याच्या बाजूच्या खाचेतून ओव्हरफ्लोचे पाणी आत उतरते. दुकानातून बाजूची खाच नसलेले फुल थ्रेड आणून बसवले तर त्या पाण्याला वाट राहत नाही आणि ते मागच्या पोकळीत कुजत बसते. कपलिंग बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण हा वास मी तीन घरांत "ट्रॅपचा वास" म्हणून वर्षभर सोसलेला पाहिला आहे.

त्यानंतर लवचीक पाईप जेथे भिंतीत किंवा फरशीत शिरतो तेथे हात फिरवावा. पाईप ३२ मिलिमीटरचा आणि भोक ५० मिलिमीटरचे अशी जोडी आपल्याकडे सर्रास दिसते. मधल्या फटीतून नुसता वासच नव्हे, तर झुरळेही वर येतात. त्या जागी मापाची रबरी रिंग बसवावी. सिमेंटने पक्के लिंपू नये, पुढे पाईप काढावाच लागतो.

तपासणी तीन: ट्रॅप उघडणे

बेसिनखाली घमेले किंवा बादली ठेवावी आणि बॉटल ट्रॅपचा (बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपचा) खालचा कप हाताने फिरवून काढावा. पाना लावण्याची गरज पडू नये. पडलीच तर मध्ये फडके धरावे, नाहीतर आटे जातात. आत जे निघते त्यावरून घरातील माणसांच्या सवयी कळतात. केस आणि पेस्ट सगळीकडेच असते. आपल्या भागात त्यात भर पडते ती खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या मिश्रणाची: सुपारीचे बारीक तुकडे खाली बसतात, चुना त्यांना धरून ठेवतो आणि कपाच्या तळाशी सिमेंटसारखी राखी वडी तयार होते. मागच्या पावसाळ्यात एका घरी ती वडी मला खुरप्याच्या टोकाने फोडून काढावी लागली. आत सुपारीचे तुकडे मुरमासारखे रुतलेले होते. शेतातून आल्यावर ज्या बेसिनमध्ये हात धुतले जातात तेथे काळी माती निघते. तिला उपाय एकच, हात आधी अंगणातील नळावर धुणे.

खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातील, बोअरच्या पाण्याने ट्रॅपच्या आतल्या बाजूस पांढरा खरखरीत थर धरतो आणि केस त्याला अडकतात. कप आणि आतली नळी लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की थर सुटतो. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकामागून एक कधीही ओतू नयेत. त्यांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो फुप्फुसाला इजा करतो. ॲसिड ओतून झालेल्या बेसिनचे काम करायचे असेल तर कारागिराला ते आधी सांगावे. कप उघडताना ते त्याच्या हातावरच पडत असते.

कप परत लावताना रबरी वॉशर खाचेत नीट बसल्याची खात्री करून घ्यावी. तो एका बाजूने मुडपला गेला तर पाणी थेंबथेंब गळून ट्रॅप रिकामा होतो आणि मग पहिल्या तपासणीचे उत्तर चुकीचे येते.

बेसिनखाली ट्रॅपच नसेल, लवचीक पाईप सरळ खाली गेला असेल किंवा त्यालाच सुतळीने वेटोळे बांधून ट्रॅपचे सोंग केले असेल, तर आधी खरा ट्रॅप बसवून घ्यावा. लवचीक पाईपच्या वळ्यांमध्ये घाण धरते आणि सुतळी सुटली की वेटोळेही जाते.

तपासणी चार: पाईप बादलीत

माझ्या मते या सगळ्या तपासण्यांमध्ये हीच सर्वांत मोलाची आहे आणि हिला खर्च शून्य आहे. लवचीक पाईपचे खालचे टोक जाळीतून किंवा भिंतीतून उपसून बादलीत धरावे. बेसिन काठोकाठ भरून सोडावे. पाणी बादलीत सपाट्याने, आवाज न करता उतरले तर बेसिन, कपलिंग आणि ट्रॅप निर्दोष आहेत आणि दोष पुढच्या पाईपमध्ये आहे. बादलीतही रेंगाळत उतरले तर तिसऱ्या तपासणीत काहीतरी राहून गेले. दोष भिंतीच्या अलीकडे की पलीकडे हे एवढ्यावरून ठरते, आणि हे ठरल्याशिवाय छन्नी उचलणाऱ्या माणसाला घरात घेऊ नये असे मी स्वतः त्याच धंद्यात असूनही सांगतो.

टोक उपसताना ते ओले निघाले का तेही पाहावे. बेसिनखाली बॉटल ट्रॅप आहे, पाईपचे टोक न्हाणीच्या ट्रॅपमधल्या पाण्यात बुडालेले आहे, अशी रचना मला सतत आढळते. मग दोन पाण्यांच्या मध्ये हवेचा गोळा कोंडला जातो; वरून येणारे पाणी त्याला ढकलते, तो बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बेसिन गुडगुडते आणि हळू उतरते. उपाय म्हणजे पाईप दोन बोटे कापणे. टोक जाळीच्या खाली पण पाण्याच्या वर राहिले की हवेला वाट मिळते. शिवाय बेसिनच्या रोजच्या पाण्यामुळे न्हाणीचा ट्रॅपही कोरडा पडत नाही.

टोक परत बसवल्यानंतर बेसिन पुन्हा भरून सोडावे, गुडगुड ऐकावी आणि लगेच ट्रॅपचा कप काढून आत किती पाणी उरले ते पाहावे. काढताना कप भरलेला असेल तर ट्रॅपचे पाणी टिकून आहे. अर्धा किंवा त्याहून रिकामा निघाला तर पाणी ओढले जात आहे याचा हा हातात आलेला पुरावा आहे.

तपासणी पाच: स्लॅबवर चढणे

पुढचा दोष सामाईक पाईपकडे बोट दाखवत असेल तर छतावर जावे. कठडा नसलेल्या स्लॅबवर दुपारच्या उन्हात किंवा पावसात चढू नये, आणि खाली एक माणूस उभा ठेवावा. व्हेंटचा पाईप आहे का, त्यावर जाळीची टोपी आहे का आणि ती मोकळी आहे का, एवढेच पाहायचे असते. कुंभारमाशी मातीचे घर बांधून पाईपचे तोंड लिंपून टाकते. टोपी तुटलेली असेल तर पिंपळाची पाने आणि पिसे आत जातात. डिश बसवणाऱ्याने पाईप मध्येच कापून त्यावर खांब बसवलेलाही मी पाहिला आहे.

एका गावी बेसिन, न्हाणी आणि संडास तिन्ही ठिकाणी एकाच वेळी गुडगुड सुरू झाली होती. दोन कारागिरांनी चेंबर उपसून पाहिले होते. मी वर गेलो तर व्हेंटच्या तोंडावर दुधाची पिशवी ओढून सुतळीने घट्ट बांधलेली होती, आणि उन्हाने ती पापडासारखी कडक झालेली होती. घरच्या काकूंना विचारले तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "कुरडयाइले वास लागत होता ना भाऊ, म्हणून म्याच बांधली होती पन्नी." एप्रिलमध्ये वाळवणाच्या वेळी बांधलेली पन्नी ऑगस्टपर्यंत कोणाला आठवली नव्हती. मी ती कापली आणि व्हेंटला साडेतीन फुटांचा तुकडा जोडून त्याचे तोंड वाळवणाच्या वर नेले. कुरडयांचा प्रश्नही सुटला.

पाईप आतून मोकळा आहे का हे पाहण्यासाठी कापसाची चिमूटभर पिंज दोऱ्याला बांधून तोंडाशी धरावी आणि खालच्या माणसाला न्हाणीत भरलेली बादली एकदम ओतायला सांगावे. पिंज आत ओढली गेली तर पाईप श्वास घेत आहे. जागची हलली नाही तर मध्ये कोठेतरी अडले आहे. या कामासाठी उदबत्ती किंवा काडी पेटवू नये, कारण टाकीतून येणाऱ्या वायूत मिथेन असतो आणि तो पेट घेतो.

तपासणी सहा: चेंबर, टाकी आणि शोषखड्डा

घराबाहेरच्या पहिल्या चेंबरचे झाकण काढावे, पण काढल्याबरोबर त्यावर वाकू नये. चेंबरचा तळ वाहता आणि जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे. पाणी पाईपच्या तोंडाच्या वर उभे असेल तर घरातील हवा बाहेर जायला जागाच नाही, आणि बेसिनचे गुडगुडणे हा केवळ त्याचा निरोप आहे. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुळातच हळू मुरते. झड लागली की जमीन तुडुंब होते आणि शोषखड्डा उलट भरू लागतो. अशा वेळी बेसिनवर केलेला खर्च वाया जातो.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचे असेल, म्हणजे अनेक घरकुलांसोबत झाले तसे, तर बेसिनचे आणि न्हाणीचे पाणी त्या खड्ड्यांत मुळीच सोडू नये. ते खड्डे मैला आणि त्यासोबतचे थोडे पाणी एवढ्यासाठीच असतात; जास्तीच्या पाण्याने ते वेळेआधी भरतात आणि आतला मैला कुजून खत होण्याची क्रिया बिघडते. बेसिनच्या पाण्यासाठी गली ट्रॅप (घराबाहेरचा सांडपाण्याचा ट्रॅप) आणि स्वतंत्र शोषखड्डा, किंवा परसबागेकडे वाट, हेच योग्य.

सेप्टिक टाकीचे झाकण घरच्या माणसाने काढू नये, आणि टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने, कितीही थोड्या वेळासाठी उतरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, त्यामुळे "आता वास नाही, म्हणजे धोका नाही" हा समज जिवावर बेततो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला लावणे हा गुन्हा आहे. टाकी भरली असेल तर उपसा करणारी सक्शन गाडी बोलवावी. येथे घरगुती तपासणी थांबते.

तपासणी सात: ढाळ

आडव्या पाईपला ४० ला १, म्हणजे दर मीटरला अडीच सेंटिमीटर ढाळ असावा. उघड्या पाईपवर पाणसळ ठेवून तो पाहता येतो. लांबच्या पाईपसाठी गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे मुरूम न घालता नुसत्या मातीत पुरलेला पाईप दोन-तीन वर्षांत मध्येच पोटासारखा खाली येतो. त्या पोटात पाणी उभे राहते, गाळ बसतो आणि वरची हवा अडते. पाईप उकरून खाली मुरमाचा दाबलेला थर देणे एवढाच त्यावर उपाय आहे.

ढाळ जास्त झाला तरी बिघडते, ही गोष्ट गवंड्यांना पटवणे मला अजूनही जड जाते. "जितका उतार तितके बरे" असे ते म्हणतात, आणि मोरीपुरते ते खरेही आहे. बेसिनचे गणित मात्र वेगळे आहे. ट्रॅपपासून व्हेंटच्या जोडापर्यंत पाईप जितका खाली उतरतो तो उतार पाईपच्या व्यासाहून जास्त होता कामा नये. जास्त झाला तर जोडाचे तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जाते, पाईप भरून वाहताना व्हेंटची हवा ट्रॅपपर्यंत पोहोचत नाही आणि व्हेंट असूनही पाणी ओढले जाते. ४० मिलिमीटरच्या पाईपला ४० ला १ ढाळ दिला तर १.६ मीटरवर उतार बरोबर ४० मिलिमीटर होतो. म्हणजे व्हेंट त्याच्या आतच हवी. ३२ मिलिमीटरच्या पाईपला हे अंतर १.२८ मीटर येते. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख नियमावलीत सव्वा इंची पाईपसाठी ५ फुटांची मर्यादा आहे. ढाळ तेथे किंचित कमी धरतात, पण हिशेब हाच. ४० मिलिमीटरच्या पाईपला मी दीड मीटरच्या पुढे कधी जात नाही.

व्हेंट नसलेल्या घरात काय करावे

सर्व तपासण्या होऊनही ट्रॅप रिकामा होतच असेल, तर नवी जोडणी आखणे आले. बेसिनमागच्या भिंतीत फरशीपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर ५० मिलिमीटरचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवावा. ट्रॅपचा ४० मिलिमीटरचा पाईप रिड्यूसरने (दोन मापे जुळवणाऱ्या जोडाने) त्या टीच्या पोटात येतो, टीचे खालचे तोंड सांडपाण्याकडे जाते आणि वरचे तोंड व्हेंट होऊन सरळ वर चढते. टीच्या आतला बाक खालच्या बाजूस असावा. तो उलटा बसला तर पाणी व्हेंटकडे उडते. बेसिनच्या काठाच्या किमान १५ सेंटिमीटर वर जाईपर्यंत व्हेंटला आडवे वळण देऊ नये, म्हणजे खाली कचरा अडला तरी सांडपाणी व्हेंटमध्ये चढून बसत नाही. त्यापुढे आडवे न्यावेच लागले तर ढाळ बेसिनकडे परत द्यावा. उभा पाईप खाली जेथे वळतो तेथे डोअर बेंड, म्हणजे उघडता येणारे झाकण असलेले वळण, घालावा. तो नसेल तर पुढच्या वेळी साफ करायला फोडण्याशिवाय वाट उरत नाही.

सांडपाण्यासाठी आयएस १३५९२ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाचे पाणी यांसाठीचा) पाईप, त्यातही बी प्रकार घ्यावा. ए प्रकार व्हेंटसाठी आणि पागोळ्यांच्या पाण्यासाठी आहे. शेतातील उरलेला पाईप वापरण्याचा मोह आवरावा, कारण त्याला एसडब्ल्यूआरचे जोड पुष्कळदा मापात बसत नाहीत आणि मग तापवून तोंड मोठे करण्याचे प्रकार सुरू होतात. स्लॅबच्या वर गेलेल्या तुकड्याला पांढरा रंग द्यावा. आपल्या उन्हात उघडा पाईप काही वर्षांत ठिसूळ होतो. सेप्टिक टाकीची व्हेंट घराजवळ असेल तर ती छताच्या सुमारे २ मीटर वर न्यावी आणि तोंडाला डासांची जाळी लावावी.

छतापर्यंत पाईप नेणे शक्यच नसेल तर एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह हा एकमार्गी पडदा बेसिनखाली बसवता येतो. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. म्हणून शोषखड्डा उलट भरल्यामुळे होणाऱ्या गुडगुडीवर त्याचा उपयोग नाही. धुळीने पडदा चिकटतो, तेव्हा तो भिंतीत गाडून वर टाइल लावू नये.

कारागीर किंवा इंजिनिअर केव्हा बोलवावा

पाईपची वाट कॉलम, बीम किंवा स्लॅबमधून जात असेल तर छन्नी खाली ठेवावी. सळई उघडी पाडून केलेली झिरी पुढे घर कमकुवत करते आणि तो निर्णय इंजिनिअरचा आहे. भिंत ओली असून त्याच भिंतीवर गीझरचा किंवा मोटरचा बोर्ड असेल तर आधी मेन बंद करून वीजकाम करणाऱ्याला बोलवावे. संडासाचे पाणी न्हाणीच्या जाळीतून वर आले तर सर्वांनी पाणी वापरणे थांबवावे आणि त्याच दिवशी सक्शन गाडीवाल्याला फोन करावा. घराच्या पायालगत काळ्या मातीत कमरेएवढ्या खोल चराचे काम एकट्याने करू नये. ओली माती न सांगता ढासळते. पाणी गावच्या नालीत जात असून नालीच भरलेली असेल, तर ते काम ग्रामपंचायतीचे आहे आणि घरातील पाईप बदलून काहीही होणार नाही.

नवी जोडणी झाल्यावर प्लास्टर करण्याआधी बेसिन काठोकाठ भरून सोडावे, त्याच क्षणी न्हाणीत बादली ओतावी आणि ट्रॅपचा कप उघडून पाहावा. तीन वेळा भरलेला निघाला तरच गवंड्याला पुढे जाऊ द्यावे. उघड्या पाईपचा फोटो भिंतीला टेप लावून, फरशीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरे दिसतील असा काढावा. त्याची एक छापील प्रत वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवावी, कारण मोबाइल बदलला जातो आणि पाच वर्षांनी टॉवेलची खुंटी ठोकणारा माणूस नेमका तोच पाईप फोडतो.